संगणक आतल्या खोलीत, टीव्ही हॉलमध्ये: जोडणी कशी करावी

डेस्कटॉप आतल्या खोलीत आणि मोठा टीव्ही हॉलमध्ये, अशी मांडणी आपल्याकडच्या अनेक घरांत असते. घरच्या लग्नाचे व्हिडिओ, वर्षानुवर्षांचे फोटो, जमवलेले सिनेमे सगळे संगणकात; आणि चारचौघांनी बसून बघायची जागा हॉलमध्ये. मधे एखाद-दुसरी भिंत आणि आठ-दहा मीटरचे अंतर. अशा वेळी बरेच जण दुकानातून लांबलचक एचडीएमआय केबल घेऊन येतात. ती विकत घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधा, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो.

टीव्हीवर फाइल हवी आहे की पडदा?

फक्त संगणकातले व्हिडिओ आणि फोटो बघायचे असतील, तर संगणकाचा पडदा टीव्हीवर नेण्याची गरजच नाही. टीव्हीने घरातल्या नेटवर्कवरून ती फाइल उघडली की काम झाले. पण ब्राउझर, गेम, ऑफिसचे सॉफ्टवेअर किंवा ऑनलाइन मीटिंग मोठ्या पडद्यावर चालवायची असेल, तर पूर्ण पडदाच न्यावा लागतो. पहिले काम जवळपास फुकटात होते. दुसऱ्याला खर्च आणि मेहनत दोन्ही लागतात. माझा अनुभव असा, की बहुतेकांना पहिलेच हवे असते.

फाइल बघायच्या असतील तर

संगणक आणि टीव्ही एकाच राउटरला जोडलेले आहेत ना, ते आधी बघा. मग संगणकावर जेलीफिन हा मोफत सर्व्हर, म्हणजे फाइल टीव्हीला पुरवणारा प्रोग्राम, बसवा आणि त्याला तुमचे सिनेमे, फोटो ठेवलेले फोल्डर दाखवा. अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही असेल तर त्यावर जेलीफिनचेच अॅप घ्या. अॅपने पत्ता विचारला की संगणकाचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि त्यापुढे ८०९६ हा पोर्ट क्रमांक टाका. सर्व्हर सापडत नसेल तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जा. तिथे घरचे नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदले गेले असेल तर फायरवॉल, म्हणजे विंडोजची राखण करणारी सोय, टीव्हीला आत येऊ देत नाही. ते 'प्रायव्हेट' करा. राउटरच्या सेटिंगमधून संगणकाचा आयपी पत्ता कायमचा ठरवून टाका, नाहीतर तो बदलला की टीव्हीला सर्व्हर पुन्हा शोधावा लागेल.

सर्व्हर वगैरे नको असेल तर विंडोजमध्ये फोल्डर शेअर करा आणि टीव्हीवरच्या व्हीएलसी अॅपमधून तेच फोल्डर उघडा. अधूनमधून एखादा सिनेमा बघणाऱ्या घराला एवढे पुरे.

मराठी सबटायटल लावणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. सबटायटलची फाइल सेव्ह करताना यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा अगम्य चिन्हे दिसतात. टीव्हीचा स्वतःचा प्लेअर यात पुष्कळदा अडखळतो, पण तीच फाइल व्हीएलसीत सहसा नीट दिसते.

पडदा हवा, पण वायर नको

विंडोजमध्ये विंडोजचे बटण आणि 'के' एकत्र दाबा. आसपासचे टीव्ही यादीत दिसतात, आपला निवडा. यामागे मिराकास्ट हे तंत्र आहे. यात संगणक आणि टीव्ही सहसा राउटरला बाजूला ठेवून एकमेकांशी थेट वायफायने बोलतात. म्हणून नवा महागडा राउटर आणून इथे फारसा फरक पडत नाही. दोघांमधले अंतर आणि भिंतीच महत्त्वाच्या. डेस्कटॉपला वायफाय नसेल, इंटरनेट फक्त वायरने येत असेल, तर हा मार्ग बंदच समजा. तेव्हा क्रोम ब्राउझरच्या मेनूतला 'कास्ट' पर्याय वापरा. तो घरच्या नेटवर्कवरून जातो, पण त्यासाठी टीव्हीत क्रोमकास्टची सोय हवी.

विटांच्या एका भिंतीतून हे बऱ्यापैकी चालते. पण मुंबई, ठाणे, पुण्यातल्या अनेक नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या सलग काँक्रीटच्या भिंती आहेत, आत सळया आहेत. तिथे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फार क्षीण होतो आणि २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असते. चित्र अडकत राहते. शिवाय माऊस हलवला की बाण मागून येतो, त्यामुळे गेमसाठी हा मार्ग निरुपयोगी आहे. फोटो किंवा प्रेझेंटेशन दाखवायला मात्र खुशाल वापरा.

ओटीटीचे सिनेमे असे पाठवायला जाऊ नका. कॉपी-संरक्षणामुळे अनेकदा काळा पडदा आणि नुसता आवाज येतो. टीव्हीतले त्या सेवेचे अॅपच उघडावे.

वायर टाकायची, तर कोणती?

रोजचा वापर असेल तर वायरला तोड नाही. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर १०८०पी, म्हणजे फुल एचडी, चित्र १० मीटरपर्यंत सहसा नीट जाते. त्याच्या चौपट बारकाव्याचे फोर-के चित्र सेकंदाला ६० फ्रेमने हवे असेल तर केबलमधून सेकंदाला १८ गिगाबिट माहिती जावी लागते आणि पाचेक मीटरनंतर भरवसा कमी होऊ लागतो. पडद्यावर ठिपके चमकतात, मधेच क्षणभर अंधार होतो. दुसरी अडचण केबलच्या डोक्याची. ते रुंद असते आणि कन्सील वायरिंगच्या २० किंवा २५ मिलिमीटरच्या पाइपात, विशेषतः वळणावर, अडकून बसते.

म्हणून माझा आग्रह असा: भिंतीतून किंवा केसिंग पट्टीतून काही न्यायचेच असेल, तर कॅट-६ नेटवर्क केबल न्या. ती बारीक असते, कनेक्टर नंतर लावता येतो आणि १०० मीटरपर्यंत चालते. आज तिच्यावरून चित्र पाठवा, उद्या गरज बदलली तर त्याच वायरने टीव्हीला थेट इंटरनेट द्या. शक्य असेल तर दोन ओढा. मजुरी तेवढीच लागते, आणि दोन वर्षांनी पुन्हा वायरमनला बोलवावे लागत नाही.

खरेदी करताना 'शुद्ध तांबे' लिहिलेलीच केबल मागा. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली केबल सर्रास मिळते. आतली तार ब्लेडने खरवडून बघा. पांढुरकी निघाली तर परत करा. ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर सिग्नल बिघडवते.

घराचे काम चालू असेल तर वेगळा पाइप टाकून घ्या. २३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपात नेटवर्क केबल कधीही घालू नये. धोका आहेच, चित्रही बिघडते. तयार घरात स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी मारणे सोपे. भिंतीला भोक पाडायचे तर दाराच्या चौकटीजवळ खाली, विटांच्या भागात. बीम, कॉलम आणि मायवानच्या भिंतीला स्वतः ड्रिल लावू नका. अशा घरात दाराखालून किंवा चौकटीच्या कडेने वाट काढावी. दोन्ही टोकांना कनेक्टर एकाच क्रमाने लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

केबल तयार झाली की आधी तिची परीक्षा घ्या. एक टोक राउटरला, दुसरे लॅपटॉपला लावा. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असतील तर विंडोजच्या नेटवर्क माहितीत वेग १००० दिसायला हवा. १०० दिसला तर आठपैकी एखादी तार नीट बसलेली नाही. कनेक्टर कापून पुन्हा लावा.

आता एचडीएमआय एक्स्टेंडरची जोडी घ्या. पाठवणारा डबा संगणकाला, घेणारा टीव्हीला आणि मधे आपली केबल. एचडीबेसटी (नेटवर्क केबलवरून चित्र नेण्याचे एक तंत्र) प्रकारचे डबे महाग, पण चित्र सर्वांत भरवशाचे. फक्त टीव्ही पाहायचा असेल आणि १०८०पी पुरेसे असेल तर साधेही चालतात. दोन गोष्टी पाळा. थेट प्रकारचे, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून न जाणारे, एक्स्टेंडर राउटरला किंवा स्विचला जोडू नका. डब्यापासून डब्यापर्यंत अखंड केबल लागते. आणि शक्यतो यूएसबीची सोय असलेली जोडी निवडा. साध्या यूएसबी २.० केबलची मर्यादा ५ मीटर आहे आणि वायरलेस माऊसही भिंतीपलीकडून दगा देतो. यूएसबी असलेल्या जोडीत कीबोर्ड-माऊसचा रिसीव्हर हॉलमधल्या डब्यालाच लावता येतो. सोफ्यावर बसून संगणक चालवायचा असेल तर हे फार मोलाचे आहे.

फोर-के गेमच खेळायचे असतील तर फायबरची एचडीएमआय केबल घ्या. ती बारीक असते आणि ३० मीटरलाही चित्र पूर्ण ताकदीचे पोहोचवते. तिला दिशा असते: 'सोर्स' लिहिलेले टोक संगणकाकडे, 'डिस्प्ले' टीव्हीकडे. उलटी लावली तर चित्र येणारच नाही, म्हणून पाइपात ओढण्याआधी टोके तपासा. तिला करकचून मोडू नका, आतली काच तुटते. ती दुरुस्त होत नाही.

चित्र आल्यावर

विंडोजचे बटण आणि 'पी' दाबून 'डुप्लिकेट' किंवा 'एक्स्टेंड' निवडा. दोन पडद्यांचे रिझोल्यूशन वेगळे असेल तर 'एक्स्टेंड' बरे, नाहीतर दोन्हीकडे कमी दर्जाचे चित्र मिळते. अक्षरे बारीक वाटली तर स्केल १५० किंवा २०० टक्के करा.

पडद्याच्या कडा कापल्या जात असतील, खालची टास्कबार दिसत नसेल, तर दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे. पिक्चर साइझमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' निवडा. अक्षरांभोवती रंगांची धूसर कड दिसत असेल तर त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असे नाव द्या; अनेक टीव्ही त्यावरूनच चित्राची प्रक्रिया बदलतात. फोर-केवर माऊस झटके देत चालत असेल तर रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा) ३० वर अडकला आहे का बघा. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीमध्ये 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर' चालू केल्यावर तो बहुधा ६० होतो. त्याने झाला नाही, तर एक्स्टेंडरची किंवा ग्राफिक्स कार्डाची मर्यादा आडवी येते आहे.

आवाज संगणकाच्याच स्पीकरमधून येत राहिला तर टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट म्हणून टीव्ही निवडा. टीव्ही यादीतच नसेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने टाका. लॅपटॉप झाकण मिटून ठेवायचा असेल तर पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर 'डू नथिंग' करून ठेवा, आणि तो गादीवर नाही, हवा खेळेल अशा टेबलावर ठेवा.