आजोबांच्या वर्षाला पुस्तिका काढायचीय? मग हे वाचा

घरातलं मोठं माणूस नव्वदी ओलांडून गेलं की पहिल्या वर्षाला पेपरात फोटोसकट येतं, प्रथम पुण्यस्मरण, प्रेमळ, कष्टाळू, कुटुंबवत्सल, आणि खाली सगळ्या गोतावळ्याची नावं. गोव्यातला कुठलाही मराठी पेपर उघडा, रोज असतंच. वाईट काही नाही त्यात, पण फोटो बदलला तर तोच मजकूर शेजारच्या घरालाही चालेल. आम्ही फोंड्याला आजोबांच्या वर्षाला छोटी पुस्तिका काढली, त्यावरून सांगते.

बाराव्या-तेराव्यालाच सुरुवात करा. तेव्हा मुंबईची, बेळगावची, सगळी माणसं घरात असतात आणि आपोआप बोलत असतात, नंतर फोनवर तेच विचारलं तर "खूप चांगले होते गं" यापुढे गाडी जात नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, पण आधी सांगून. माणसाबद्दल विचारू नका, वस्तूबद्दल विचारा. छत्री कुठे टांगायचे, पगार कुणाच्या हातात द्यायचे, चतुर्थीला माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या मांडवीचं) सामान आणायला कुणाला बरोबर न्यायचे. आणि मुलांपेक्षा सुनांना आधी गाठा, मुलगे बापाबद्दल बोलताना भाषण ठोकतात, सुना खरं काय ते सांगतात. आमच्या काकीने सांगितलं की ती बाळंतपणाहून आली तेव्हा आजोबा रोज पहाटे उठून चुलीवर तिच्या आंघोळीचं पाणी ठेवायचे आणि कुणी उठायच्या आत परत जाऊन झोपायचे, म्हणजे पाणी कोणी तापवलं ते कळायला नको. हे आजीला पण माहीत नव्हतं! संसारी माणसाचं असंच असतं, तो स्वतःबद्दल काही सांगून जात नाही, सगळं दुसऱ्यांकडे ठेवलेलं असतं.

तारखांचा घोळ होणारच. म्हाताऱ्यांना साल विचारलं की "लिबरेशनच्या आधी", म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या आधी, एवढंच येतं. मग सगळ्यांना आठवणाऱ्या तारखांच्या खुंट्या घेऊन बसा : १८ जून १९४६ ची मडगावची लोहियांची सभा, १९५५ ची भारताने केलेली नाकेबंदी, १९ डिसेंबर १९६१ चं लिबरेशन, १६ जानेवारी १९६७ चा ओपिनियन पोल (महाराष्ट्रात जायचं की नाही त्याचा), ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला तो दिवस, ३० मे १९८७ चं घटक राज्य. "पूल पडला तेव्हा तू कितवीत होतीस" म्हटलं की आत्या लगेच सांगते, आणि पणजी-बेतीच्या फेरीबोटीतल्या गर्दीची गोष्ट वर फुकट मिळते.

कागद बघायचे असतील तर जन्माचा दाखला सिव्हिल रजिस्ट्रीत शोधा, पण पोर्तुगीज काळातला असेल तर नाव जुन्या स्पेलिंगने असू शकतं, कामतचं कामोतिम, प्रभूचं पोरोबो, त्यामुळे पहिल्या फेरीत सापडलं नाही म्हणून निराश होऊ नका. लग्नाच्या पण दोन तारखा निघतात, रजिस्ट्रारकडे सह्या केल्या ती एक आणि मांडवातली दुसरी. दोन्ही लिहा, नाहीतर कोणीतरी फोन करून चूक काढणारच. हिशेबाच्या वह्या असतील तर सोनं समजा. १९५९ मध्ये पोर्तुगीज गोव्यातल्या रुपिया या चलनाच्या जागी एस्कुदो आला, ६ एस्कुदोंना १ रुपिया, हे डोक्यात ठेवून वाचा म्हणजे एकदम सहापट दिसणारा खर्च बघून घाबरायला होत नाही. आमच्याकडच्या एका पानावर नारळ पाडणाऱ्याची मजुरी, मुलीची फी, औषध, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात "स्वतःसाठी चप्पल", ती पण पेन्सिलीने काट मारलेली. ते पान आम्ही तसंच्या तसं छापलं, खाली एक ओळ पण लिहिली नाही.

फोटोंचं पटकन सांगते. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पावसाळी दमटपणाने चिकटलेला असतो, फाटतो, वरूनच खिडकीच्या उजेडात तिरका धरून मोबाईलवर घ्या, फ्लॅश नको. लॅमिनेशन तर अजिबात नको. मागे मऊ पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावं लिहा, आजी आहे तोवर, नंतर कोण सांगणार.

लिहिताना मजकूर मराठीत ठेवा पण त्यांचं बोलणं कोंकणीतच राहू दे. "पावलें काय फोन कर गो" याचं "पोचलीस की फोन कर गं" असं मराठी केलं तर आजोबा त्यातून निघून जातात. हट्टीपणा, टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडण, खोलीखोलीत जाऊन बल्ब बंद करणं, हे पण येऊ दे. फक्त जमिनीचा विषय नको, त्याला इन्व्हेंटरीचं, म्हणजे वारसांच्या वाटणीचं, कोर्ट आहे.

छापायच्या आधी प्रूफ घरातल्या सगळ्यात खवचट आत्याला द्या. नावांचा क्रम, कोणाचं सासर कुठलं, कोणाचा फोटो मोठा आला, सगळं ती काढते. मागे चार-पाच कोरी पानं ठेवा, वर्षाच्या दिवशी जेवणं झाल्यावर लोक तिथे लिहितात, आणि पेनं जरा जास्तच ठेवा, गायब होतात.