अनुमान, निष्कर्ष, अंदाज : या चुका टाळा

सगळ्यांत जुनी चूक म्हणजे निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहिणे. प्रयोगवह्यांमध्ये ती दरवर्षी नव्याने उगवते. परीक्षानळीत पांढरी भुकटी, त्यावर विरल सल्फ्युरिक आम्ल टाकले, फसफसले, की 'निरीक्षण'खाली लगेच लिहून मोकळे: 'कार्बन डायऑक्साइड वायू निघाला.' दिसले ते फक्त बुडबुडे. वायू चुन्याच्या निवळीत सोडला आणि निवळी दुधाळ झाली, एवढेच निरीक्षण. कार्बन डायऑक्साइड हे त्यावरून काढलेले अनुमान, त्याची जागा शेजारच्या रकान्यात.

रकाना चुकला म्हणून काय बिघडले, असे घाई असलेले विचारतात. पुढे काय होते ते बघा. ओळखायला दिलेला क्षार असतो सोडिअम बायकार्बोनेट. फसफसले म्हणजे कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कार्बोनेट. क्षार ज्योतीत धरला तर ज्योत सोनेरी पिवळी, म्हणजे सोडिअम. निष्कर्ष: सोडिअम कार्बोनेट. अर्धे उत्तर बरोबर, त्यामुळे चूक कुठे झाली हेही कळत नाही. निवळी तर सल्फर डायऑक्साइडनेही दुधाळ होते! म्हणून आधी वास बघायचा, तोही नळी नाकाला न लावता, हाताने वारा घेऊन. जळत्या गंधकासारखा उग्र वास आला, तर आम्लयुक्त पोटॅशिअम डायक्रोमेटमध्ये भिजवलेला कागद धरायचा. तो हिरवा झाला की सल्फर डायऑक्साइड. वास नसेल तर क्षाराच्या द्रावणात मॅग्नेशिअम सल्फेट घालायचे. थंडपणीच पांढरा अवक्षेप (न विरघळणारा साका) आला तर कार्बोनेट, उकळल्यावर आला तर बायकार्बोनेट. दोन मिनिटांचे काम आहे, पण पाठ केलेला तक्ता हाताशी असला की ते कोण करतो?

शब्दांचा हिशेबही इथेच लागतो. प्रत्येक चाचणीपुढे येते ते अनुमान: 'कार्बोनेट असावे.' सगळ्या चाचण्या जुळल्यावर शेवटी एकदाच येतो तो निष्कर्ष: 'क्षार अमुक आहे.' मराठीत 'असावे' हे रूप तर्कासाठी तयार आहे, ते सोडून जिथे तिथे 'असू शकते' कशाला? आणि 'निष्कर्ष' असा मथळा देऊन खाली 'असावे' लिहिले, तर तो निष्कर्ष झालाच नाही. ताडून बघायचे तर दोन विधानांमध्ये 'यावरून' घालावे. 'यावरून'च्या आधी लिहायला काही सापडत नसेल, तर तो नुसता अंदाज.

दुसरी लाडकी चूक म्हणजे व्याप्ती, म्हणजे 'हे जिथे, ते तिथे' हा नियम, उलटी करणे. न्यायशास्त्रातले, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातले, उदाहरण सर्वांना माहीत असते: डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. ती फिरवून 'अग्नी आहे, म्हणून धूर असणारच' म्हटले की फसले. नैयायिकांनी यासाठी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे केला: अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओले सरपण लागते, ही अट मधे लपलेली असते. तिला ते उपाधी म्हणतात. 'कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते' हे खरे, पण दुधाळ निवळीवरून फक्त कार्बन डायऑक्साइडच म्हणणे ही तीच चूक, नळीत घातलेली.

बाकीच्या चुका फुटकळ, पण डोळ्यांना खुपतात.

'अनुमान लावले' ही हिंदी. मराठीत अनुमान काढतात किंवा करतात, अंदाज बांधतात, तर्क लढवतात. हवामानाचा अंदाज वर्तवतात.

'अनुमानित खर्च' हाही तिकडूनच आलेला. आपला 'अंदाजे खर्च' काय वाईट आहे?

'निष्कर्षावर उडी मारली' असे मराठी माणूस म्हणत नाही. 'उतावळेपणाने निष्कर्ष काढला' म्हणावे.

अनुमान नपुंसकलिंगी, निष्कर्ष पुल्लिंगी: अनुमान काढले, निष्कर्ष काढला.

'अर्जदार निष्कर्षात बसत नाही': इथे हवा 'निकष'. निकष आधी ठरतो, निष्कर्ष शेवटी निघतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात शिजलेला असतो. चार शेजाऱ्यांना विचारून 'गावाचे मत' लिहिणाऱ्यांनी पातेले एकच आहे का, ते आधी बघावे.

प्रकल्पाच्या शेवटी 'निष्कर्ष: हा प्रकल्प करताना खूप मजा आली' असे लिहू नये. ते मनोगतात लिहावे.

आणि पाहुण्याला 'अनुमान न करता जेवा' असा निरोप धाडण्याआधी एकदा वाचावा. तिथे 'अनमान' हवे, म्हणजे संकोच.