लागोपाठ दोन पराभवांनंतर हेवीवेटची परतीची तयारी

दुसरी लढत हरून बॉक्सर घरी आला की आठवड्याच्या आत दोन गोष्टी होतात. कुणीतरी त्याच माणसाशी पुन्हा लढत लावून देतो म्हणतं, आणि बॉक्सर स्वतः दुप्पट मेहनत सुरू करतो. दोन्ही थांबवा. वजनदार माणसाला घाई जास्त महाग पडते, कारण त्याला लागणारा ठोसाही शंभर किलोच्या माणसाचा असतो. मागच्या दोन लढती आधी नीट समजून घ्या. पुढची तारीख सगळ्यात शेवटी ठरवायची असते.

हरण्याचे ढोबळ तीन प्रकार. डोक्याला मार बसून रेफ्रीने लढत थांबवली, गुणांवर हरलात, किंवा दम संपून तिसऱ्या राउंडला हात खाली आले. पहिल्या प्रकारात डॉक्टर आधी आणि कोच नंतर. दुसऱ्यात सराव बदलावा लागतो, तिसऱ्यात वजन आणि दमसास. दोन्ही पराभव वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर जो डोक्याशी संबंधित आहे, त्याचेच नियम पाळायचे.

आधी डोकं

हौशी, म्हणजे ऑलिम्पिक पद्धतीच्या बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार बसून लढत थांबली, तर किमान ३० दिवस ना लढत ना स्पारिंग (जोडीदाराबरोबरची सरावाची लढत). शुद्ध हरपली असेल तर ९० दिवस, आणि एका मिनिटापेक्षा जास्त वेळ हरपली असेल तर १८० दिवस. तीन महिन्यांत दोनदा असं झालं, तर शुद्ध हरपली नसली तरी ९० दिवस. या काळात ‘हलकंच खेळू’ हेही चालत नाही. मेंदू सावरलेला नसताना बसलेला दुसरा मार पहिल्यापेक्षा हलका असला तरी जास्त इजा करू शकतो.

सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं, मेंदूला बसलेला हादरा त्यात दिसत नाही. तो लक्षणांवरून ओळखायचा: डोकेदुखी, उजेड सहन न होणं, झोप बिघडणं, लक्ष न लागणं, उगाच चिडचिड. चिडचिडीबद्दल बॉक्सरला विचारून उपयोग नाही, घरच्यांना विचारा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली तर तडक हॉस्पिटल गाठा.

पहिले एक-दोन दिवस आराम, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं नाही. मग चालणं, मग हलकी सायकल, मग धावणं आणि दोरी, मग एकट्याने शॅडो (हवेत ठोसे), मग बॅग. प्रत्येक पायरीला निदान एक पूर्ण दिवस. लक्षणं उलटली तर एक पायरी खाली. समोर माणूस उभा करण्याआधी न्यूरोलॉजिस्टचं लेखी पत्र हवं, ओळखीच्या फिजिओचा फोन पुरेसा नाही.

हातही तपासून घ्या. अंगठा ताणला की त्याच्या बुडाशी मनगटावर एक खळगी पडते. ती दाबल्यावर दुखत असेल तर आतल्या छोट्या हाडाला चीर असू शकते. हा फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून दुखणं राहिलं तर १० ते १४ दिवसांनी एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. टाके पडले असतील तर जखम पूर्ण भरू द्या. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचा हेवीवेट सतीश कुमार चेहऱ्यावर टाके घेऊन उझबेकिस्तानच्या जलोलोवसमोर उभा राहिला, त्याला सलाम. पण ती ऑलिम्पिकची उपांत्यपूर्व फेरी होती. जिल्ह्याच्या लढतीसाठी कुणी तसं उतरू नये.

व्हिडिओ आणि वही

दोन्ही लढतींचं चित्रीकरण मिळवा. मोबाइलवर पाहुण्याने घेतलेलं असलं तरी चालतं. आवाज बंद करून बघा, कारण ओरडणाऱ्या लोकांमुळे ठोसे आहेत त्यापेक्षा मोठे वाटतात. वहीत प्रत्येक राउंडसाठी चार आकडे लिहा: किती जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) मारले, एकूण किती ठोसे मारले, किती स्वच्छ लागले, किती स्वच्छ खाल्ले. मग खाल्लेल्या प्रत्येक ठोशाच्या एक सेकंद आधी चित्र थांबवा आणि तीनच गोष्टी नोंदवा. उजवा हात कुठे होता? पाय एका रेषेत आले होते का? तुम्ही सरळ मागे जात होता का?

दोन लढतींत अशी पंधरा-वीस चित्रं सहज निघतात, आणि त्यांतली बहुतेक एक-दोन चुकांचीच असतात. बॉक्सरला हे कळलं की अर्धी भीती जाते. ‘मी संपलो’ आणि ‘जॅब परत आणताना माझा डावा हात कमरेशी येतो’ या दोन वाक्यांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आपल्याकडची वजनदार मुलं बऱ्याचदा तालमीतून येतात. लाल मातीत कमावलेली ताकद सोन्यासारखी असते, पण तिथल्या तीन सवयी रिंगमध्ये नडतात: पाय फाकवून जमिनीला रुतवणं, पकड घ्यायची असल्यासारखे दोन्ही हात पुढे करणं, आणि डोकं पुढे घालून आत शिरणं. समोरचा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) मारणारा असेल तर ही तिसरी सवय थेट लढत घालवते. अशा मुलाला ‘वाकू नकोस’ असं शंभरदा सांगून काही होत नाही. जिमच्या दोन खांबांमध्ये खांद्याच्या उंचीला सुतळी बांधा. गुडघ्यातून बसत तिच्याखालून या बाजूने त्या बाजूला जायचं, नाक गुडघ्यांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. तीन मिनिटांचे तीन राउंड, रोज. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतात. तसं झालं की समजायचं, आता कंबर वाकत नाही, गुडघे वाकतात.

हात खाली येण्यावर जुना उपाय: उजव्या काखेत घडी घातलेला रुमाल धरून जॅब मारायचे. जॅब मारताना कोपर उघडलं तर रुमाल पडतो. पॅड धरणाऱ्यानेही प्रत्येक जॅबनंतर दुसऱ्या पॅडने गालावर हलकी टपली द्यावी. हात हनुवटीशी असेल तर टपली ग्लोव्हवर बसते, नसेल तर गालावर, आणि कोचला वेगळं काही बोलावं लागत नाही.

दम, वजन, ताकद

वर्ल्ड बॉक्सिंग या हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२५ पासूनच्या वजनगटांत पुरुषांचा सर्वांत वरचा गट ९० किलोच्या पुढचा आहे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हेवीवेट २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोच्या पुढे सुरू होतो. वर मर्यादा नाही, म्हणून हरल्यानंतरच्या दोन महिन्यांत पोट सुटतं आणि काट्यावर कुणी हरकत घेत नाही. दर रविवारी उपाशीपोटी वजन आणि बेंबीशी कमरेचं माप, दोन्ही लिहा. आठवड्याला अर्धा किलो उतरणं पुरे. पाच किलोला दहा आठवडे धरा. प्लॅस्टिकचा सूट घालून घाम काढायची या गटात काही गरज नाही. त्यात फक्त पाणी जातं आणि सराव वाया जातो.

शंभर किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १८० ग्रॅम प्रथिनं लागतात. सहा अंडी, पाव किलो चिकन, पन्नास ग्रॅम सोया वडी, लिटरभर दूध आणि शंभर ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, एवढ्यात हिशेब जवळपास पुरा होतो. उरलेलं भाकरी आणि दह्यातून येतं. रविवारी मिसळ खायला हरकत नाही, उसळ दुप्पट घ्या, तर्री आणि फरसाण सोडा.

पहिले सहा आठवडे पाया. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं, बोलता येईल अशा वेगाने धावणं. डांबरी रस्त्यावर शंभर किलोचे गुडघे टिकत नाहीत, म्हणून नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानासारखी मातीची जागा धरा. एक दिवस पांडवलेणीच्या पायऱ्या: जोरात वर, चालत खाली, चार फेऱ्यांपासून आठपर्यंत. गुडघ्याला खरा मार उतरताना बसतो, त्यामुळे खाली पळत यायचं नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नाशिकची थंडी पोटऱ्या धरते, तेव्हा निघण्याआधी घरातच पंधरा मिनिटं अंग गरम करा.

ताकदीला दोन दिवस. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट पाच-पाचचे चार सेट, मग बैठका चाळीसच्या तीन फेऱ्या. चार ते सहा किलोच्या मुद्गलाची जोडी मिळाली तर जरूर फिरवा, एक-एक मिनिट तीन वेळा. थकलेल्या खांद्याने गार्ड (चेहऱ्यासमोर धरलेले हात) वर ठेवायची सवय त्यातून लागते. मानेसाठी बाकावर आडवं पडून टॉवेलात गुंडाळलेली अडीच किलोची प्लेट, पंधराचे तीन सेट, चारही बाजूंनी. डोक्याला मार बसलेल्याने कुस्तीतला ब्रिज (डोकं टेकवून मानेवर केलेली कमान) करू नये.

बॅगेकडेही बघा. वाळू भरलेली बॅग महिन्याभरात खाली दगडासारखी बसते आणि मनगटं खाते. ती रिकामी करून शिंप्याकडच्या चिंध्या थरावर थर दाबून भरा, वजन ५० ते ६० किलो ठेवा. हातपट्टी साडेचार मीटरची घ्या आणि बोटांच्या मुठी-हाडांवर निदान तीन पदर येऊ द्या.

सातव्या आठवड्यापासून दोन दिवस तीन मिनिटं जोरात, एक मिनिट आराम, असे पाच तुकडे. हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन राउंडची असते, म्हणून सरावात चार राउंड आणि मध्ये ४५ सेकंदच. दर शुक्रवारी बॅगेवर पहिल्या आणि तिसऱ्या राउंडचे ठोसे कुणाला तरी मोजायला लावा. तिसऱ्याचे पहिल्याच्या ८५ टक्क्यांच्या खाली गेले, तर तारीख घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

स्पारिंग

नाशिकमध्ये खरी अडचण इथे येते. शंभर किलोचा जोडीदार सहज मिळत नाही आणि मिळाला तर रोज तोच असतो. ७५ ते ८० किलोच्या चपळ मुलाबरोबर खेळा, पण तुम्ही फक्त जॅब मारायचा आणि पोटावर हलका हात ठेवायचा. तो मात्र मोकळा. पायांचं काम यातून जितकं सुधारतं तितकं दुसऱ्या कशाने सुधारत नाही. दर राउंडला ताजा माणूस बदलला तर दमही निघतो.

तेराव्या ते सोळाव्या आठवड्यात दोनदा पुण्याला किंवा मुंबईला जाऊन बरोबरीच्या वजनाशी खेळा. जाण्याआधी दोन्ही कोचनी फोनवर राउंड आणि जोर ठरवून घ्यावा. बाहेरचा पाहुणा आला की तिथली मुलं त्याला आजमावतात, आणि हरून आलेला बॉक्सर स्वतःला सिद्ध करायला जातो. तो दिवस मग तिसरा पराभव ठरतो. ग्लोव्हज १६ औंसांचे, स्वतःचे. हेडगार्डने कातडी फाटायची वाचते, मेंदूचा हादरा थांबत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर ठोसे खाऊ नका. जोराचं स्पारिंग आठवड्यातून एकदा, शेवटचं लढतीच्या दहा दिवस आधी. सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याने पाळीच्या दुसऱ्या दिवशी डोक्यावरचं स्पारिंग ठेवूच नये. झोप नसली की ठोसा उशिरा दिसतो.

कुणाशी, कधी

ब्रिटनचा हेवीवेट जो जॉइस २०२३ च्या एप्रिलमध्ये चीनच्या झांग झिलेईकडून हरला. सप्टेंबरमध्ये झांगशीच पुन्हा लढला तेव्हा जॉइसचं वजन सुमारे ११ किलो वाढलेलं होतं, आणि तिसऱ्या राउंडलाच तो पुन्हा हरला. उलट व्लादिमिर क्लिचको २००३ मध्ये कॉरी सँडर्सकडून आणि २००४ मध्ये लॅमन ब्रूस्टरकडून थांबवला गेला, तेव्हा त्याचा कोच इमॅन्युएल स्टीवर्डने त्याचा डावा हात आणि अंतर पुन्हा बांधून घेतलं. २००५ मध्ये सॅम्युअल पीटरने त्याला तीनदा खाली पाडलं, तरी तो गुणांवर जिंकला. एप्रिल २००६ मध्ये तो पुन्हा विजेता झाला आणि मग २०१५ पर्यंत हरला नाही. अँथनी जोशुआ उसिककडून लागोपाठ दोनदा हरल्यावर सात महिन्यांनी जर्मेन फ्रँकलिनशी बारा राउंड सावधपणे खेळून गुणांवर जिंकला. लोकांना ती लढत कंटाळवाणी वाटली. परतीची पहिली लढत तशीच असावी, असं आमचं ठाम मत आहे.

हौशी स्पर्धेत प्रतिस्पर्धी ड्रॉ (चिठ्ठ्या) ठरवतो, तुमच्या हातात फक्त स्पर्धा असते. म्हणून परत येताना थेट राज्य स्पर्धा धरू नका. आधी क्लबांमधली मैत्रीपूर्ण लढत, मग जिल्हा. पहिला प्रतिस्पर्धी खेळणारा असावा, पण तुम्हाला ज्या ठोशाने पाडलं तोच त्याचा हातखंडा नसावा. तुम्हाला हरवलेल्या माणसाचं नाव निदान तीन लढतींपर्यंत वहीत लिहू नका.

लढतीच्या दिवशी कॉर्नरमध्ये एकच माणूस बोलेल, आणि पहिल्या राउंडनंतर तो एकच सूचना देईल: वहीत पहिल्या क्रमांकावर असलेली चूक होतेय की नाही. टॉवेल कधी टाकायचा, म्हणजे हार मानून लढत कधी थांबवायची, हे कोच आणि बॉक्सरने आदल्या रात्री शांतपणे ठरवावं. आधी डोक्याच्या माराने थांबवला गेलेला बॉक्सर असेल तर दुसऱ्यांदा पाय लटपटले की टॉवेल, राउंड कुठलाही असो आणि गुण कितीही पुढे असोत. बॉक्सर त्या क्षणी ‘मी ठीक आहे’ असंच म्हणणार, त्यामुळे त्याला विचारायचं नाही.