ट्रॅकच्या कडेला उभं राहायचं तर: रेस फोटोग्राफरसाठी थोडं अनुभवातून

गाड्यांच्या रेसमध्ये ट्रॅकच्या कडेला उभं राहायचा पास रेसच्या दिवशी गेटवर मागायचा नसतो. आयोजकांना पंधरा दिवस आधी मेल टाका, आधी काढलेले आठ-दहा फोटो जोडा, फोटो कुणासाठी काढणार ते स्पष्ट लिहा. स्पर्धेला एफएमएससीआयची, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या मुख्य संस्थेची, परवानगी आहे का, तेही विचारून घ्या. परवानगी नसेल तर मी जात नाही. तिथे ॲम्ब्युलन्स असेलच याचा भरवसा नसतो.

सकाळचं ब्रीफिंग चुकवू नका. कुठला झेंडा कशासाठी आणि बिब (फोटोग्राफरला मिळणारं नंबराचं जाकीट) घालून कुठपर्यंत जाता येतं, हे तिथेच कळतं. जबाबदारीच्या फॉर्मवर सही करायच्या आधी तो वाचा. बहुतेक जण वाचत नाहीत.

आता जागा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला फोटो सगळ्यात भारी मिळतो, आणि ताबा सुटलेली गाडीही तिकडेच येते. मुळशीकडच्या एका मातीच्या ट्रॅकवर मी अशाच जागी मोनोपॉड (कॅमेऱ्याचा एकपायी स्टँड) रोवून उभा होतो. सकाळचं तिरकं ऊन, लाल धूळ, सगळं जुळून आलं होतं. ट्रॅकवरची सुरक्षा बघणाऱ्या मार्शलनं दोनदा शिट्टी मारली. मला राग आला, पण उचललं सामान आणि पंधरा पावलं मागे, बांधावर गेलो. पाचव्या मिनिटाला एक जिप्सी गाडी आडवी सरकत आली आणि पेंढ्याचे गठ्ठे उधळत, मी उभा होतो तिथेच थांबली. मातीत मोनोपॉडचं भोक होतं, त्यावर तिचं मागचं चाक. त्या दिवसापासून मार्शलची शिट्टी मला दुसऱ्यांदा ऐकावी लागत नाही.

म्हणून आतल्या बाजूला, उंचवट्यावर, भक्कम आडोशामागे उभे राहा. पळायची वाट आधी चालून बघा, ती मागे हवी. आडोशाला टेकू नका, खाली बसू नका, दोन्ही कानांत इयरफोन नकोत. गाड्या येतात त्या दिशेला पाठ कधीच नको. २०१३ च्या जर्मन ग्रां प्री या फॉर्म्युला वन रेसमध्ये, नुरबुर्गरिंग ट्रॅकच्या पिट लेनमध्ये (जिथे गाड्या चाकं बदलायला थांबतात) मार्क वेबर या ड्रायव्हरच्या गाडीचं चाक निखळलं आणि एका कॅमेरामनला मागून येऊन धडकलं. त्याची कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या. माणूस अनुभवी होता, फक्त तोंड दुसरीकडे होतं.

पोलिसांशी वाद होतो तो बहुतेक वेळा गेटवर. बिब आयोजक देतात, बंदोबस्त पोलिसांचा असतो, आणि बिबाचा रंग कशाचा हे बंदोबस्तावरच्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं. एका स्टेडियममध्ये मला दंडाला धरून बाहेर काढलं होतं. पास गळ्यात होता, पण तो सगळा इंग्रजीत. तेव्हापासून मी आयोजकांकडून मराठीत पत्र घेतो: नाव, बिब क्रमांक, कुठे थांबायची परवानगी, सही-शिक्का. तीन झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पाकिटात. सकाळी लवकर जाऊन बंदोबस्ताच्या साहेबांना भेटतो, एक प्रत देतो. ‘साहेब, मी दिवसभर त्या टॉवरजवळ असणार,’ एवढं सांगितलं तरी पुढचं निम्मं काम होतं. स्पर्धा कुणाच्या हद्दीत आहे तेही बघा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही तीन वेगळी पोलीस दलं आहेत.

तरी अडवलं तर आवाज चढवू नका, हात झटकू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली लागू शकतो, आणि त्या भानगडीत रेस तर जातेच. मागे या, आयोजकांच्या माणसाला फोन लावा, बोलणी त्याला करू द्या. कुणी फोटो डिलीट करायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. कार्ड जप्त करायचंच असेल तर रीतसर पंचनामा मागा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. पण अपघात झालेला असेल, तर कॅमेरा खाली ठेवून वाट मोकळी करा. तिथे पोलीस बाजूला हो म्हणतात ते बरोबरच असतं.

ड्रोन घरीच राहू द्या. लोहगावचा विमानतळ आणि एनडीए ही लष्करी प्रबोधिनी जवळ असलेल्या पुण्यात त्याची परवानगी वेगळी काढावी लागते.

आणि शेवटची फेरी संपली की मार्शलचे दोन-चार फोटो काढून त्यांना पाठवा. दिवसभर उन्हात झेंडा धरून उभ्या राहिलेल्या माणसाचा फोटो कुणीच काढत नाही.