लीव्हर हार्प: स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी या चुका टाळा

"ताई, वरच्या सप्तकातले सगळे लीव्हर बिघडलेत." रविवारी संध्याकाळी असा फोन आला की माझा प्रश्न ठरलेला: तारा कधी बदलल्यास? पलीकडे शांतता.

लीव्हर म्हणजे हार्पच्या तारेपाशी वर बसवलेली छोटी कळ; ती उचलली की तार दाबली जाऊन आखूड होते आणि सूर अर्धा स्वर चढतो. असे लीव्हर एकदम आठ-दहाच्या घोळक्याने बिघडत नाहीत. तारा मात्र बिघडतात. हे मला कळलं ते अख्खी दुपार वाया घालवून. 34 तारांची जुनी हार्प नुकतीच घेतली होती. ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) चिकटवला, लीव्हर उचलला, काटा पुढे गेला. स्क्रू ढिला करून लीव्हर सरकवला, पुढची तार घेतली. असे अकरा लीव्हर हलवले आणि स्वतःवर खूश झाले. पंधरवड्याने नव्या तारा चढवल्या, तर अकराच्या अकरा बेसूर! जुनी नायलॉनची तार लीव्हरखाली दबून दबून तिथे खळगा पडतो. मोकळी वाजवली तर सुरात असते, लीव्हर लावला की भलतीकडे जाते. मी त्या खळग्यांच्या मापाने लीव्हर बसवले होते.

नव्या तारेचीही घाई नको, ती ताणत राहते. मी दोन आठवडे रोज सूर लावते, स्क्रूकडे बघतही नाही. ज्यांना एवढा धीर नाही, त्यांनी कीबोर्ड घ्यावा.

किती सरकवायचं हेही तारेवर आहे. अर्धा स्वर चढायला तार साधारण साडेपाच टक्के आखूड व्हावी लागते. 60 सेंटिमीटरच्या तारेत सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटर. मंद्रातल्या मीटरभर तारेवर 1 मिलिमीटरची चूक दोनेक सेंटची (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), कानाला कळतही नाही. वरच्या 10 सेंटिमीटरच्या तारेवर तीच चूक 18 सेंट होते, आणि दात आंबतात. म्हणून वरचे लीव्हर मी "सरकवत" नाही, स्क्रू जेमतेम ढिला करून नखाने ढकलते. सूर चढा आला तर वर ब्रिज पिनकडे (तार वर टेकते ती पिन), उतरा आला तर खाली साउंडबोर्डकडे (तारा खाली जिथे अडकतात ती फळी). त्याआधी मोकळी तार पुन्हा तपासायची. ही पायरी गाळणारे सगळ्यात जास्त.

ट्यूनरवर सगळं सोपवू नका. हार्प ई कोमलच्या सप्तकात लावली असेल, तर डीचा लीव्हर उचला आणि शेजारची ईची मोकळी तार छेडा. दोन्ही एकच सूर यायला हवा. जीचा लीव्हर आणि 'ए'ची मोकळी तार, यांचंही तसंच. सूर जुळत नसले की आवाज लाटेसारखा हलतो; तानपुऱ्याची जोड ऐकलेल्या कानाला ती लाट लगेच सापडते.

लीव्हर उचललेले ठेवून सूर लावू नका, तार घासते. हार्प पिशवीत घालण्याआधीही सगळे खाली पाडा.

लीव्हरला तेल नको. गंज सोडवणारा स्प्रे तर नकोच नको.

जाड तार चुकीच्या जागी चढवली की लीव्हरवर सूर चढतो. ओळखायला सीची तार तांबडी असते, एफची काळी किंवा निळी. मधल्या तारांचं पाकीट नीट वाचा.

खरखर आली की लगेच लीव्हरला दोष देऊ नका. आधी वर खुंटीजवळ तारेचं उरलेलं शेपूट कुठे टेकतंय का बघा, कापून टाका. मग तार लीव्हरच्या मधोमध बसते का ते पाहा. स्क्रू मात्र आवळत सुटू नका. लाकडातली आटी गेली की स्क्रू नुसता गरगर फिरतो. माझ्या डब्यात त्यासाठी दातकोरणी आणि लाकडाचा गोंद असतो. भोकात कोरणी गोंदासकट घालायची, रात्रभर सुकू द्यायची, सकाळी स्क्रू हाताने बसवायचा. तोवर त्या तारेशिवाय वाजवा.