वेलाला फुलं भरपूर, पण भोपळा धरत नाही? परसबागेसाठी या हंगामाचा सल्ला

थंडी ओसरून रात्रीही हवेत ऊब राहू लागली की परसबागेत वेलवर्गीय भाज्या लावायची वेळ होते. लाल भोपळा, झुकिनी, दुधी, दोडका, घोसाळी, कारली, काकडी ही सगळी एकाच कुळातली. या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते: वेल मांडवभर पसरलाय, रोज फुलं उमलतात, पण कळीखालचा भोपळा सुपारीएवढा होतो, पिवळा पडतो आणि गळून जातो, तर आता कोणतं खत घालू? बहुतेक वेळा खत कमी पडलेलं नसतंच. पराग मादी फुलापर्यंत पोहोचलेले नसतात. म्हणून लागवडीचं थोडक्यात सांगून फुलांकडे वळू.

माती गार असेल तर घाई करू नका. मातीचं तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली असलं तर या कुळातलं बी उगवण्याऐवजी कुजतं. २० ते ३० अंशांच्या मातीत ते साधारण आठवड्याभरात वर येतं. बी २ ते ३ सेंमी खोल टोका. कारल्याचं आणि दोडक्याचं बी टणक कवचाचं असतं, ते रात्रभर पाण्यात भिजवून मग लावा. या वेलांना मुळं दुखावलेली सोसत नाहीत, त्यामुळे शक्यतो जागेवरच बी टोकावं. रोपं करायचीच असली तर कागदी कपात करा आणि दोन-तीन खरी पानं (बीतून आधी निघणाऱ्या दोन जाड पानांनंतरची) आली की मातीच्या गोळ्यासकट लावा. प्रत्येक आळ्यात दोन-तीन बिया टोकून शेवटी एकच जोमदार रोप ठेवा. नको असलेली रोपं उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळं हलत नाहीत.

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवं. सावलीतला वेल पानं देईल, फळं देणार नाही. झुडपासारख्या वाढणाऱ्या झुकिनीला चारही बाजूंनी पाऊण ते एक मीटर जागा सोडा, पसरणाऱ्या भोपळ्याला दीड ते दोन मीटर. काकडी आणि कारली मांडवावर किंवा जाळीवर चढवली तर अर्ध्या मीटरवर एक रोप चालतं. कुंडीत लावणार असाल तर झुकिनी किंवा काकडीला २० ते २५ लिटरची, दुधी-भोपळ्याला ४० लिटरच्या पुढची कुंडी घ्या. लहान कुंडीत भोपळा लावून दिवसातून तीनदा पाणी घालत बसण्यापेक्षा त्या कुंडीत मेथी-पालक केलेला बरा.

लावताना आळ्यात चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर मिसळा. त्यानंतर मात्र हात आवरा. युरियासारखं नत्र वारंवार दिलं की वेल काळाभोर, पानं ताटाएवढी, आणि मादी फुलं कमी अशी गत होते. फुलं लागल्यावर कंपोस्टचा एखादा थर आणि लाकडाची चिमूटभर राख पुरते. माती आधीच विम्लधर्मी, म्हणजे चुनखडीची असेल तर राखही टाळा.

नर फूल, मादी फूल

या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फूल बारीक, लांब देठावर उभं असतं. मादी फुलाच्या मागे उमलायच्या आधीपासूनच चिमुकलं फळ दिसतं: भोपळ्यात गोल, दुधीत लांबट, कारल्यात खरबरीत. सुरुवातीला आठवडाभर किंवा थोडं अधिक फक्त नर फुलंच येतात आणि गळतात. त्यात काहीही बिघडलेलं नाही. झुकिनीत कधी उलटंही होतं, मादी फुलं आधी येतात आणि त्यांना पराग मिळत नाहीत. दोन्ही बाबतींत थोडी वाट पाहा.

या फुलांचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. मधमाशी, भुंगा किंवा पतंग आला तरच ते मादी फुलाला मिळतात. उंच मजल्यावरच्या गॅलरीत, दाट वस्तीत किंवा आजूबाजूला सतत फवारणी होत असेल तिथे हे कीटक कमी फिरकतात. मग ते काम आपल्याला करावं लागतं, आणि ते मुळीच अवघड नाही.

ताजं उमललेलं नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढून टाका. मधे पिवळी परागांची दांडी उरते. ती बोटावर घासून पाहा, पिवळी पूड लागली तर पराग तयार आहेत. आता मादी फुलाच्या मध्यावर असलेल्या भागावर ती दांडी हलकेच फिरवा. या भागाला अनेक पाळ्या असतात, सगळ्या पाळ्यांना पराग लागले पाहिजेत. एकाच बाजूला लागले तर फळ वाकडं किंवा एका टोकाला बारीक होतं. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. कारली, काकडीच्या लहान फुलांसाठी मऊ ब्रश बरा. जमलं असेल तर दोन-तीन दिवसांत मागचं फळ फुगू लागलेलं स्पष्ट दिसतं.

वेळ चुकली तर मात्र सगळं व्यर्थ. लाल भोपळा आणि झुकिनीचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, ते पुन्हा उघडत नाही. तिथे सकाळी लवकर उठावंच लागतं. काकडी, कारली आणि घोसाळीचंही काम सकाळचंच. दुधीचं पांढरं फूल मात्र संध्याकाळी उमलतं आणि रात्री पतंग त्याच्यावर येतात. दोडक्याची पिवळी फुलंही दुपार कलल्यावर उघडतात. त्यामुळे दुधी-दोडक्याचं परागीभवन दिवेलागणीच्या सुमारास करा. सकाळी दुधीच्या मलूल फुलांवर ब्रश फिरवणारे बरेच जण असतात आणि मग हा उपाय खोटा म्हणतात. भोपळ्याचे पराग दुधीला चालत नाहीत, ज्याचे त्यालाच लागतात. काकडीच्या काही जाती परागांशिवायच फळ धरतात. बियाण्याच्या पाकिटावर तसं लिहिलं असेल तर हा सगळा खटाटोप तिला लागत नाही.

पराग लावूनही फळ गळत असेल तर उन्हाकडे पाहा. कडक उन्हाळ्यात, पारा ३५ अंशांच्या आसपास गेला की नर फुलांचं प्रमाण वाढतं आणि परागही दुबळे होतात. हवा उतरली की वेल पुन्हा धरू लागतो. तोवर त्याला जगवा, खत ओतू नका. दुधी आणि कारल्यात मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात, त्यामुळे मुख्य वेल मांडवाला पोहोचला की त्याचा शेंडा खुडा. झुकिनीचा शेंडा कधीही खुडू नका, तिची सगळी फुलं त्याच एका खोडावर येतात.

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, घेवडा यांच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात. तिथे हे काहीच लागत नाही, सकाळी टोमॅटोची फांदी टिचकीने हलवली तरी पुरे. नवख्या माणसाने म्हणूनच दोन वेलांबरोबर घेवड्याची एक ओळ जरूर लावावी, घेवडा कोणालाही निराश करत नाही.

पाणी आणि रोग

दुपारच्या उन्हात भोपळ्याची मोठी पानं माना टाकतात. ते पाहून लगेच पाणी घालू नका. संध्याकाळी ती सावरली तर वेल ठीक आहे. सकाळीच पानं मलूल दिसली तर खरंच पाणी हवं. बोटभर खोल माती कोरडी लागली की आळं भरून द्या, पानांवर शिंपडू नका. फळ चांगलं मोठं होऊन त्याचं खालचं टोक काळपट, खोलगट झालं तर ते पाण्याच्या अनियमितपणामुळे असतं, परागांमुळे नाही. आळ्यावर वाळलेल्या पाल्याचं आच्छादन घाला.

पानांवर पांढरी पिठासारखी बुरशी म्हणजे भुरी. सुरुवातीलाच एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी सकाळी उन्हात फवारलं तर ती आटोक्यात राहते. पानाच्या वर कोनाकोनांचे पिवळे डाग आणि खाली करडी-जांभळट बुरशी दिसली तर तो केवडा. तो ओल्या पानांवर झपाट्याने पसरतो, डागाळलेली पानं काढून लांब टाका आणि वेल मोकळा, हवेशीर ठेवा. पानं आकसून चितकबरी झाली तर तो विषाणू, त्याला औषध नाही. वेल उपटा, दया करू नका. कोवळ्या रोपांवर लाल भुंगेरे आले तर पहाटे ते सुस्त असताना वेचून साबणाच्या पाण्यात टाका. फळमाशीचा त्रास असेल तर फळधारणा झाल्याबरोबर फळाला कागदाची किंवा जाळीची पिशवी बांधा आणि किडकं फळ वेलाखाली पडू देऊ नका. कोणतीही फवारणी, निंबोळी अर्काचीसुद्धा, फुलांवर मधमाश्या असताना करू नये.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. दुधी, भोपळा, झुकिनी किंवा काकडी कडू लागली तर खाऊ नका. त्या कडूपणामागे कुकुरबिटासिन हे विषारी द्रव्य असतं, ते शिजवून जात नाही, आणि त्याने तीव्र उलट्या-जुलाब होतात. चिरताना कच्चा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहा, कडू असेल तर थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या. घरी धरलेल्या बियांच्या फळांबाबत विशेष काळजी घ्या, कारण शोभेच्या कडू भोपळ्याशी संकर झाला तर त्याचा परिणाम पुढच्या पिढीत दिसतो. बी धरायचं असेल तर मादी आणि नर कळ्या आदल्या दिवशी दोऱ्याने बांधून, त्यांच्यातच हाताने परागीभवन करा आणि फूल पुन्हा बांधा. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो त्याचा स्वभावच आहे.

झुकिनी १५ ते २० सेंमीची असतानाच काढा. दुधीत नख सहज रुततं तोवर ती कोवळी. एक फळ जून होऊ दिलं की वेल नवी मादी फुलं धरणं कमी करतो, त्यामुळे दर दोन दिवसांनी तोडणी करा. लाल भोपळा मात्र पिकू द्या. देठ वाळून लाकडासारखं झालं आणि सालीत नख रुतेनासं झालं की पाच-सात सेंमी देठ ठेवून कापा, उबदार, हवेशीर जागी दहा दिवस राहू द्या, मग १० ते १५ अंशांच्या कोरड्या जागी काही महिने टिकतो. देठ तुटलेला भोपळा साठवू नका, तो आधी वापरा.