अमेरिकेत परिचारिकांसाठी कर्जफेड योजना: अर्ज करण्यापूर्वी

परिचारिकांची टंचाई असलेल्या ठिकाणी काम करण्याच्या बदल्यात अमेरिकेचे केंद्र सरकार 'नर्स कॉर्प्स' योजनेतून शिक्षणासाठी घेतलेल्या पात्र कर्जाच्या फेडायच्या शिल्लक रकमेपैकी 60 टक्के रक्कम दोन वर्षांत देते, आणि तिसऱ्या वर्षाची सेवा मंजूर झाल्यास मूळ शिल्लक रकमेच्या आणखी 25 टक्के मिळू शकतात.

प्रथम आपली पात्रता तपासावी. अर्जदार अमेरिकेची नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावी लागते, शिवाय तिचे परिचर्या शिक्षण अमेरिकेतील मान्यताप्राप्त संस्थेत झालेले असावे लागते. त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात पदवी घेऊन तिकडे गेलेल्या परिचारिकेने केवळ त्या पदवीवर विसंबून अर्जात वेळ घालवू नये. त्यानंतर नोकरीचे ठिकाण पाहावे, कारण टंचाईग्रस्त क्षेत्रातील पात्र आरोग्य केंद्रच चालते, आणि तेथे आठवड्याला किमान 32 तास काम करावे लागते. परिचर्या महाविद्यालयातील अध्यापिकाही पात्र ठरू शकतात.

कर्जाच्या कागदपत्रांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. परिचर्या शिक्षणाचे कर्ज इतर कर्जात एकत्र केले असेल, तर ते अपात्र ठरते. म्हणून व्याजदर कमी करण्याच्या मोहात आधीच तसे करू नये. पगाराच्या तुलनेत कर्ज जितके जास्त, तितके प्राधान्य अधिक असते.

ही रक्कम करपात्र आहे, हे अनेकजणी विसरतात. करार मोडल्यास मिळालेली रक्कम व्याजासह परत करावी लागते, त्यामुळे नोकरी बदलण्यापूर्वी योजनेची मंजुरी घ्यावी.